हाउकेलांडची औषध-चाचणी: देणगीच्या पैशाने मिळवलेला नकार

धर्मादाय पैशातून झालेल्या संशोधनाचा हिशोब आपण बहुधा एकाच प्रश्नावर मांडतो: औषध सापडलं का? या हिशोबाने नॉर्वेतलं हे प्रकरण निव्वळ तोट्याचं ठरतं. देशभरातली पाच केंद्रं, १५१ रुग्ण, सरकारी निधीच्या जोडीला एका विश्वस्त संस्थेचा पैसा, रुग्णांनी आणि त्यांच्या नातलगांनी गोळा केलेली वर्गणी, कुणी मृत्युपत्रात ठेवलेली रक्कम. आणि एवढं सगळं होऊन उत्तर आलं ते असं की रिटुक्सिमॅब या औषधाचा उपयोग होत नाही. मला मात्र क्रॉनिक फटिग सिंड्रोमच्या संशोधनात याच्याइतका सार्थकी लागलेला पैसा फारसा आठवत नाही. तो कसा, हे कळायला प्रकरण मुळापासून पाहावं लागेल.

आधी आजाराबद्दल थोडं. क्रॉनिक फटिग सिंड्रोम किंवा एमई/सीएफएस या आजाराचं नावच रुग्णाच्या मुळावर येतं. थकवा म्हटलं की ऐकणारा पटकन म्हणतो, अहो, थकवा कुणाला नसतो? पण या आजाराची खरी खूण आहे श्रमानंतर येणारी घसरण. एखाद्या बाईने सकाळी केस धुतले, नंतर दहा मिनिटं फोनवर बोलली, तर त्या दिवशी कदाचित काहीच जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र तिला अंथरुणातून उठवत नाही, खिडकीतला उजेड सोसत नाही, सुरू केलेलं वाक्य पुरं करता येत नाही. अंग कणकणल्यासारखं होतं, घसा दुखतो, आणि रात्रभर झोपूनही शीण जात नाही. बऱ्याच जणांचा आजार एखाद्या साध्या विषाणूसंसर्गानंतर सुरू होतो आणि वर्षानुवर्षं हटत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०१५ च्या अहवालाने एकट्या त्या देशात ८,३६,००० ते २५ लाख रुग्ण असावेत असा अंदाज दिला. त्यांपैकी किमान एक चतुर्थांश लोक कधी ना कधी घरात किंवा अंथरुणात अडकून पडतात, असंही त्यात म्हटलं आहे. निदान पक्कं करणारी रक्ताची तपासणी नाही आणि खास या आजारासाठी मंजूर झालेलं औषधही नाही.

अशा आजाराला वाली नसतो. मेंदूविकारवाले म्हणतात हा आमचा नाही, रोगप्रतिकारशास्त्रवाले म्हणतात पुरावा आणा, आणि पुरावा आणायला लागणारा पैसा पुराव्याशिवाय मिळत नाही. ही कोंडी फोडायला पहिला पैसा कुणीतरी वेगळ्याने घालावा लागतो. ना-नफा संस्थांचं काम इथे सुरू होतं, आणि त्यांच्या चुकाही इथेच होऊ शकतात.

बर्गनमधली सुरुवात

बर्गन हे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर. तिथल्या हाउकेलांड विद्यापीठ रुग्णालयातले ओयस्टाइन फ्लुगे आणि उलाव मेल्ला हे दोघे कर्करोगतज्ज्ञ. एमई/सीएफएसकडे ते ठरवून वळले नव्हते. २००४ साली हॉजकिन लिंफोमा हा कर्करोग झालेल्या एका रुग्णावर त्यांच्याकडे केमोथेरपी चालू होती. या रुग्णाला एमई/सीएफएसही होता. केमोने माणूस गळून जातो हे सगळ्यांना माहीत आहे. इथे उलटंच घडलं. केमोनंतर कित्येक महिने तो जुना आजार ओसरलेला होता.

असं काही दिसलं की बहुतेक डॉक्टर ‘नवल आहे’ म्हणून पुढचा रुग्ण तपासतात. हे दोघे थांबले. दिलेल्या औषधांचा बी-पेशींवर, म्हणजे प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींच्या घराण्यावर, परिणाम झाला असेल का, असा त्यांना संशय आला. तसं असेल तर बी-पेशींवरच नेम धरणारं औषध देऊन पाहता येईल. रिटुक्सिमॅब हे तसं औषध. बी-पेशीच्या पृष्ठभागावर सीडी२० नावाचं प्रथिन असतं. त्याला हे औषध चिकटतं आणि ती पेशी नष्ट होते. लिंफोमासाठी ते १९९७ पासून वापरात आहे, पुढे संधिवातासाठीही मंजूर झालं. तीन रुग्णांना ते देऊन पाहिलं, तिघांनाही काही काळ बरं वाटलं, आणि २००९ साली हा अनुभव छापून आला.

तीन रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून पुढची पायरी नीट घेतली: ३० रुग्ण, निम्म्यांना रिटुक्सिमॅब, निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि त्याला तपासणाऱ्यालाही नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्या १५ पैकी १० जणांना स्पष्ट फरक पडला होता. सलाईन मिळालेल्या १५ पैकी फक्त २ जणांना.

बातमी जगभर गेली. नॉर्वेच्या आरोग्य संचालनालयाने तर या रुग्णांची आजवर नीट काळजी घेतली गेली नाही म्हणून जाहीर दिलगिरी व्यक्त केली. वर्षानुवर्षं ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ हे ऐकत आलेल्या माणसांसाठी त्या एका आठवड्याचं मोल काय असेल, हे बाहेरच्याला पुरतं कळणार नाही. ते मोल मी कमी लेखत नाही. पुढचं वाचताना तेही लक्षात असू द्या.

अर्ज वाचणाऱ्याच्या खुर्चीतून

आता कल्पना करा, तुम्ही एका लहान विश्वस्त संस्थेत आहात. समोर अर्ज आहे: आम्हाला याच औषधाची मोठी चाचणी करायची आहे, पैसा द्या. सोबत २०११ चा निबंध जोडलेला आहे. तुम्ही काय वाचाल?

घाईत असलेला माणूस १०/१५ आणि २/१५ वाचेल आणि सही करेल. निबंध सावकाश वाचणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि लेखकांनी ती लपवलेली नाही. चाचणी सुरू करताना त्यांनी मुख्य मोजमाप ठरवलं होतं ते तिसऱ्या महिन्यातल्या थकव्याचं. तिसऱ्या महिन्यात दोन्ही गटांत फरक नव्हताच. सुधारणा दिसली ती उशिरा, औषध दिल्यापासून साधारण दोन ते सात महिन्यांच्या दरम्यान कधीतरी. म्हणजे आधी आखलेल्या रेषेवर औषध नापास झालं होतं आणि नंतर पाहिलेल्या ठिकाणी पास झालं होतं.

या उशिराचं एक बरंच पटण्यासारखं स्पष्टीकरण होतं. रिटुक्सिमॅब बी-पेशी मारतं, पण प्रत्यक्ष प्रतिपिंडं ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतं, त्यामुळे त्या वाचतात. आधी तयार झालेली प्रतिपिंडं रक्तातून निम्मी व्हायलाच सुमारे तीन आठवडे लागतात. तेव्हा परिणाम उशिरा दिसणं स्वाभाविक आहे, असा तर्क. तर्क सुंदर आहे. पण निकाल हाती आल्यावर सुचलेला तर्क कितीही सुंदर असला, तरी तो पुन्हा नव्याने तपासावाच लागतो.

आणखी एक गोष्ट निबंधाच्या शेवटी जाहीर केलेली होती: बी-पेशींवरच्या या उपचाराबद्दल रुग्णालयाने पेटंटचे अर्ज केले होते. यात गैर काही नाही, विद्यापीठ रुग्णालयं असं करतात. पण अर्ज वाचणाऱ्याने हेही पाहायचं असतं, की उत्तर ‘होय’ यावं असं वाटणारे लोक कोण आहेत आणि उत्तर ‘नाही’ आलं तर ते सांगतील ना?

म्हणजे चित्र असं होतं. १५-१५ चे दोन लहान गट, मुख्य मोजमापावर अपयश, नंतरच्या मोजमापावर डोळे दिपवणारं यश, पटण्यासारखा तर्क, आणि आशेने बसलेले हजारो रुग्ण. २०१५ मध्ये याच गटाने २९ रुग्णांचा पुढचा अभ्यास छापला. त्यात औषध पंधरा महिन्यांपर्यंत पुन्हा पुन्हा दिलं होतं आणि १८ जणांना फरक पडला होता. मात्र त्यात तुलनेचा गट नव्हता. सगळ्यांना औषध मिळत होतं आणि सगळ्यांना ते माहीत होतं.

या चित्रावर दोन प्रकारे पैसा घालता येतो. एक म्हणजे आणखी थोड्या रुग्णांना औषध देणं आणि आणखी थोडी आशा छापणं. दुसरा मार्ग असा की प्रश्न एकदाचा सुटेल एवढी मोठी, सलाईनचा गट असलेली चाचणी करणं. पहिला मार्ग स्वस्त आहे आणि देणगीदारांना सांगायला सोपा. नॉर्वेत दुसरा निवडला गेला.

पैसा कुठून आला

मोठ्या चाचणीचं नाव रिटुक्स-एमई. तिच्या खर्चासाठी सगळा पैसा एका जागी मिळाला नाही. प्रसिद्ध झालेल्या निबंधात निधी देणाऱ्यांची यादी आहे: नॉर्वेची संशोधन परिषद, प्रादेशिक आरोग्य मंडळं, काव्ली ट्रस्ट, ‘एमई-अँड-यू’ नावाची लोकवर्गणीची मोहीम, आणि एका व्यक्तीच्या मृत्युपत्रातून आलेली रक्कम. यादीत औषध कंपनी नाही, यात आश्चर्य नाही. युरोपात रिटुक्सिमॅबचं पेटंट २०१३ मध्ये संपलं. ज्या औषधाच्या स्वस्त नकला लवकरच बाजारात येणार, त्याचा नवा उपयोग सिद्ध करायला कंपनीने पैसा का ओतावा? जुन्या औषधांच्या नव्या उपयोगांची चाचणी अशीच अडून राहते. सरकार आणि ना-नफा संस्था पुढे आल्या नाहीत तर ती होतच नाही.

काव्ली ट्रस्टबद्दल दोन शब्द जास्त लिहावेसे वाटतात. उलाव काव्ली यांनी १८९३ साली बर्गनमध्ये व्यवसाय सुरू केला. पुढे तो चीजसाठी प्रसिद्ध झाला. त्यांचे चिरंजीव क्नुट काव्ली यांनी १९६२ मध्ये ट्रस्ट स्थापन केला, आणि कंपनीची मालकीच ट्रस्टकडे गेली. चीज विकून होणारा नफा मालकाच्या खिशात जात नाही, तो समाजकार्याला आणि संशोधनाला जातो. बर्गनच्या कंपनीचा पैसा बर्गनच्या रुग्णालयातल्या संशोधनाला मिळाला, हे मला या प्रकरणातलं महत्त्वाचं अंग वाटतं. जवळचा निधी देणारा माणसं ओळखतो. रुग्णालय कसं चालतं, हे डॉक्टर शब्दाला जागणारे आहेत का, हे त्याला कागदाबाहेरूनही कळू शकतं. अर्थात जवळच्या ओळखीत भीड पडते, आणि कठोर प्रश्न विचारायचे राहून जातात, हा धोकाही तितकाच खरा. इथे तो टळला. एक तर पैसा अनेकांचा होता. त्यात संशोधन परिषदेसारखी दूरवरून परीक्षण करणारी संस्था होती, त्यामुळे कुणा एकाच्या ममत्वावर काही अवलंबून राहिलं नाही.

लोकवर्गणीची गोष्ट वेगळी आहे. २०१३ मध्ये, स्वतः या आजारातून गेलेल्या एका डॉक्टर बाईंनी ती मोहीम सुरू केली. ९० दिवसांत ७० लाख नॉर्वेजियन क्रोनर हे लक्ष्य. देणाऱ्यांत कोण होते? आजारी माणसं, त्यांचे आईवडील, भाऊ-बहिणी, मित्र. नोकरी सुटलेली असताना, उभं राहायची ताकद नसताना, लोकांनी अंथरुणातून मोबाईलवर पैसे पाठवले.

आणि इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, ज्याकडे मला डोळेझाक करायची नाही. चाचणीतल्या निम्म्या रुग्णांना औषध मिळणारच नव्हतं. म्हणजे वर्गणीतला बराच पैसा, रोखठोक बोलायचं तर, आजारी माणसांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडायला जाणार होता. घरात पोरगी अंधाऱ्या खोलीत पडून आहे आणि तिची आई त्या पाण्यासाठी पैसे देते आहे. एखाद्या आईने विचारलं असतं, ‘अहो, तेवढ्यात आणखी सत्तर जणांना औषध देता आलं असतं ना?’, तर तिला काय उत्तर द्यायचं? उत्तर एवढंच, की आई, ते औषध आहे की नाही हेच आपल्याला अजून माहीत नाही. हे उत्तर देणं आणि ते ऐकून घेऊन तरीही पैसे देणं, दोन्हीला धैर्य लागतं.

पाच गावं, सहा पिशव्या

नॉर्वेत सार्वजनिक रुग्णालयांचा कारभार चार प्रादेशिक आरोग्य मंडळांकडे आहे: पश्चिम, दक्षिण-पूर्व, मध्य आणि उत्तर. चाचणीची केंद्रं होती बर्गन, ऑस्लो, नोटोडेन, ट्रॉनहाइम आणि ट्रॉम्सो. म्हणजे चारही विभाग त्यात आले. हे कागदावरचं संतुलन राखायला केलेलं नव्हतं. बर्गनपासून ट्रॉम्सो सरळ रेषेतही हजार किलोमीटरहून लांब आहे, आर्क्टिक वर्तुळाच्या पलीकडे. दुसऱ्या एखाद्या आजाराच्या रुग्णाला विमानाचं तिकीट काढून राजधानीत बोलावता येतं. एमई/सीएफएसच्या रुग्णाला बोलावलं तर तो प्रवासानेच आठवडाभर आडवा होतो, आणि तुम्ही जे मोजायला त्याला बोलावलं तेच प्रवासाने बिघडलेलं असतं. या आजारात केंद्र रुग्णाच्या जवळ नसेल तर मोजमापच खोटं निघतं. प्रादेशिक केंद्रांसाठी मागितलेला पैसा इतर अर्जांत वरखर्च वाटू शकतो. इथे तो चाचणीचा कणा होता.

चाचणीत १८ ते ६५ वयाचे १५१ रुग्ण होते. ७७ जणांना रिटुक्सिमॅब, ७४ जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं सलाईन. कोण कुठे जाणार ते यादृच्छिक पद्धतीने ठरलं. पहिल्या दोन पिशव्या दोन आठवड्यांच्या अंतराने, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या महिन्यात एकेक. प्लासिबोच्या सलाईनमध्ये मानवी अल्ब्युमिन मिसळलेलं होतं, जेणेकरून पाहणाऱ्याला दोन पिशव्यांत फरक कळू नये. हा बारीकसा खर्च मला फार बोलका वाटतो. प्रथिन असलेलं द्रावण नुसत्या मिठाच्या पाण्यापेक्षा वेगळं दिसू शकतं. सराईत परिचारिकेची नजर चुकवणं सोपं नाही, आणि तिच्या चेहऱ्यावरून रुग्णाला कळलं की सगळंच वाया. उत्तर खरं यावं म्हणून किती खालपर्यंत विचार केला होता, ते त्या अल्ब्युमिनवरून कळतं.

मोजमाप कसं होतं तेही पाहण्यासारखं आहे. रुग्णाने घरी, दर दोन आठवड्यांनी, सुरुवातीच्या तुलनेत आपला थकवा आणि इतर लक्षणं ० ते ६ या पट्टीवर नोंदवायची. ३ म्हणजे जैसे थे. त्याखाली बिघाड, त्यावर सुधारणा. सरासरी ४.५ किंवा अधिक, सलग किमान आठ आठवडे टिकली तर त्याला प्रतिसाद म्हणायचं. हे दोन वर्षं. शिवाय दंडावर पट्टा बांधून किती हालचाल होते, किती पावलं पडतात, तेही मोजलं.

त्या कागदासमोर बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. पंधरा दिवस संपलेत. ३ लिहायचं की ४? परवा दुपारी तो स्वयंपाकघरापर्यंत चालत गेला होता, ते औषधामुळे की तो दिवसच बरा होता म्हणून? या आजारात असे बरे-वाईट दिवस आपसूकच येत-जात असतात. त्यात मनात सारखं घोळतंय, मला खरं औषध मिळत असेल का? प्रामाणिक माणसाचाही हात अशा वेळी ४ कडे झुकतो. त्यात खोटेपणा नाही. बरं व्हायची ओढ आहे, आणि ती दोन्ही गटांत सारखीच असते. तिला वजा करायला दुसरा गट लागतो.

नोव्हेंबर २०१७

कुणाला काय दिलं होतं ते २०१७ च्या शरद ऋतूत उघड झालं आणि नोव्हेंबरमध्ये संशोधकांनी निकाल जाहीर केला. निबंध छापून यायला एप्रिल २०१९ उजाडला, पण तोवर त्यांनी वाट पाहिली नाही. हे त्यांनी फार योग्य केलं असं मला वाटतं. मधल्या काळात काही ठिकाणी रुग्ण पदरचे पैसे मोजून हे औषध घेत होते, आणि रिटुक्सिमॅब काही साखरेची गोळी नाही. ते रोगप्रतिकारशक्ती कमी करतं, संसर्गाचा धोका वाढवतं, यकृतात दबून असलेला हेपटायटिस-बी पुन्हा उसळू शकतो.

आकडे असे आहेत. रिटुक्सिमॅब मिळालेल्या ७७ पैकी २० जणांनी प्रतिसाद दिला, म्हणजे २६ टक्के. प्लासिबो मिळालेल्या ७४ पैकी २६ जणांनी, म्हणजे ३५.१ टक्के. गंभीर दुष्परिणाम किंवा रुग्णालयात दाखल होण्यासारख्या घटना औषधाच्या गटात २० जणांना, प्लासिबोच्या गटात १४ जणांना. दोन वर्षांच्या थकव्याच्या नोंदींत फरक नाही. पट्ट्याने मोजलेल्या हालचालीतही नाही.

आता २०११ चे आकडे शेजारी ठेवा. तेव्हा सलाईनच्या गटात १५ पैकी २ जणांना बरं वाटलं होतं, म्हणजे १३ टक्के. मोठ्या चाचणीत तोच आकडा ३५ वर गेला. सगळा खेळ इथे आहे. पहिल्या चाचणीत औषधाचा गट जेवढा भाग्यवान निघाला, तेवढाच सलाईनचा गट दुर्दैवी निघाला, आणि दोन्ही योगायोग एकाच दिशेने पडले. पंधरा-पंधरा जणांत असं होऊ शकतं. पाऊणशे-पाऊणशे जणांत ते टिकलं नाही.

आणि हेही पाहा. रिटुक्स-एमईमध्ये प्लासिबोचा गट नसता, तर काय छापून आलं असतं? ‘दर चार रुग्णांमागे एकाला टिकाऊ सुधारणा.’ ज्या आजाराला एकही औषध नाही, त्यात चारातला एक म्हणजे मोठी गोष्ट. जगभर हे औषध दिलं गेलं असतं, माणसं कर्ज काढून गेली असती, काहींना गंभीर संसर्ग झाले असते, आणि दहा-पंधरा वर्षांनी कुणीतरी शांतपणे मान्य केलं असतं की याने काही होत नाही. हे सगळं टळलं ते ७४ माणसांमुळे. त्यांनी वर्षभरात सहा वेळा रुग्णालयात जाऊन, त्या प्रवासाची किंमत नंतर अंथरुणात मोजून, नकळत मिठाचं पाणी घेतलं. वर्गणीदारांच्या पैशाने विकत घेतलेली सगळ्यात मौल्यवान गोष्ट तीच होती.

रुग्णांना धक्का बसला हे खरं. सहा वर्षांची आशा एका दिवसात गेली. ज्यांना औषध मिळून बरं वाटत होतं त्यांना आपलं बरं वाटणंच संशयास्पद ठरल्यासारखं झालं असेल. त्यांच्याशी वाद घालावा असं मला वाटत नाही. एखाद्याला खरोखरच उपयोग झाला असेल, त्याचा आजार आतून वेगळ्या जातीचा असेल, हे १५१ जणांची चाचणी नाकारू शकत नाही. ती इतकंच सांगते की या नावाखाली आलेल्या सगळ्या माणसांना सरसकट हे औषध देणं योग्य नाही.

ब्रिटनमध्येही एका रुग्णसेवी संस्थेने रिटुक्सिमॅबच्या चाचणीसाठी कित्येक वर्षं देणग्या जमवल्या होत्या. नॉर्वेचा निकाल आल्यावर ती चाचणी पुढे गेली नाही. तिथल्या रुग्णांना मिठाचं पाणीही घ्यावं लागलं नाही आणि रिटुक्सिमॅबचा धोकाही. एका प्रदेशाने दिलेलं उत्तर दुसऱ्याला फुकट मिळतं ते असं.

काय उरलं, काय राहिलं

औषध गेलं, पण रुग्णांचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने राहिले. दोन वर्षांच्या नोंदी जोडलेले, नीट निदान केलेल्या माणसांचे नमुने. या आजारात अशी बायोबँक म्हणजे सोन्याची खाण. चाचणीच्या जोडीनेच केलेल्या तपासण्यांतून असं दिसलं की या रुग्णांच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर निरोगी माणसांच्या तुलनेत नीट काम करत नाही. बर्गनच्याच गटाने डिसेंबर २०१६ मध्ये २०० रुग्ण आणि १०२ निरोगी व्यक्तींच्या रक्तातली अमिनो आम्लं तपासून, पेशी साखरेपासून ऊर्जा बनवतात त्या वाटेवर कुठेतरी अडथळा असावा असं मांडलं. मोठ्या चाचणीसाठी अनुदान देणाऱ्याने बायोबँकेचा खर्च पहिल्या दिवसापासून त्यात धरावा, हे माझं आग्रहाचं मत आहे. निकाल काहीही येवो, नमुने कामाला येतात. नंतर ते गोळा करायला निघालात तर तीच माणसं पुन्हा मिळत नाहीत.

या चाचणीत मला खटकतं ते एक. अतितीव्र आजाराचे, पूर्णपणे अंथरुणाला खिळलेले रुग्ण तिच्यात नव्हते. कारण समजतं: जो माणूस कूस बदलू शकत नाही त्याला सहा वेळा रुग्णालयात आणणं क्रूरपणा झाला असता. पण परिणाम असा की सगळ्यात जास्त भोगणाऱ्यांबद्दल सगळ्यात कमी माहिती राहते, आणि हे या एकाच चाचणीत नाही, या आजाराच्या जवळजवळ सगळ्या संशोधनात होतं. त्यावरचा उपाय खर्चिक आहे. परिचारिकेने घरी जायचं, रक्त तिथे काढायचं, प्रश्नावली तीन दिवसांत थोडी थोडी भरून घ्यायची, खोलीत दिवा लावायचा नाही. त्यासाठी कुणीतरी अनुदानाच्या तक्त्यात वेगळी ओळ ठेवायला हवी. प्रादेशिक निधी हे काम इतर कुणापेक्षाही चांगलं करू शकतात, कारण घरं त्यांच्या हद्दीत आहेत.

फ्लुगे आणि मेल्ला थांबले नाहीत. सायक्लोफॉस्फमाइड हे केमोथेरपीचं औषध देऊन पाहिलेल्या ४० जणांच्या अभ्यासाचा निकाल २०२० मध्ये आला, २२ जणांना फरक पडला होता, पण तुलनेचा गट नव्हता, आणि ते औषधही सौम्य नाही. मग त्यांची नजर गेली त्याच प्लाझ्मा पेशींकडे, ज्या रिटुक्सिमॅबच्या तडाख्यातून सुटत होत्या. डॅराटुमुमॅब हे अस्थिमज्जेच्या कर्करोगावरचं औषध त्या पेशींवर काम करतं. २०२५ मध्ये त्यांनी १० स्त्री-रुग्णांवरचा पहिला छोटा अभ्यास छापला. सहा जणींना लक्षणीय सुधारणा.

दहापैकी सहा. २०११ मध्ये पंधरापैकी दहा होते. दोन्ही अपूर्णांक जवळपास सारखेच आहेत. बर्गनमध्ये हे कुणाला सांगावं लागलं नसेल. पुढची चाचणी त्यांनी प्लासिबोच्या गटासह आखली.